दोरीचं दुसरं टोक

दिवा जरा मोठा करतो, म्हणजे तुम्हाला माझं तोंड दिसेल. मी थापा मारत नाही, हे कळलं पाहिजे ना!

हौशी लोकांना खोल समुद्रात मासे धरायला नेणं, हा आमचा धंदा. सुकाणूवर मी, डेकवर बायको. पाण्याच्या रंगावरून मी मासा कुठे आहे ते सांगतो. बायको म्हणते, तुम्हाला मासा नको असतो, बढाया ऐकायला गिऱ्हाईक हवं असतं.

त्या दिवशी दोघं साडू आले होते. एक शिंपी, दुसरा दातांचा डॉक्टर. वारा पडलेला, पाणी निळंशार. दूर एका जागी पक्षी घिरट्या घालत होते. मी थेट तिथेच बोट नेली आणि सुरमया लागायला लागल्या. शिंप्याच्या हाताला उसंत नव्हती. डॉक्टरांचा गळ मात्र रिकामाच.

"आमिषाला भूल दिलीत की काय, डॉक्टर?" बायकोनं विचारलं. आम्ही सगळे खो खो हसलो.

हसू थांबलं तेव्हा पक्षी दिसेनात. आणि वास आला... ओल्या, उकरलेल्या मातीचा. किनारा तर नजरेच्याही पलीकडे राहिलेला.

"लागला!" शिंपी ओरडला.

मासा लागला की धावतो, झटके देतो. ही दोरी मात्र सावकाश, एका लयीत खाली चालली होती. थांबायची. पुन्हा चालायची.

"कप्तान... खाली कुणीतरी दोरी गुंडाळतंय."

"जाळ्याचा तुकडा अडकला असेल. ढील द्या," मी म्हणालो.

त्यानं ढील दिली. खालूनही ढील मिळाली. मग हळूच ताण आला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण मोठा मासा दमवताना मी स्वतः नेमकं हेच करतो.

शिंपी कठड्यावर वाकला होता. मान विचित्र ताणलेली, हनुवटी पुढे.

"गळाची काठी सोडा!"

"सोडलीय हो... केव्हाच."

खरंच, काठी त्याच्या पायाशी कठड्याला अडकून पडली होती. दोन्ही हात मोकळे. आणि तरी तो इंचाइंचानं पाण्याकडे सरकत होता. बायकोनं झेप घेऊन त्याचा पट्टा धरला. मी सुरी काढली आणि दोरी कापली. तो धाडकन मागे, तिच्या अंगावर पडला. मी इंजिन चालू केलं आणि किनारा येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

घाबरलो म्हणाल, तर नाही. दुसऱ्या दिवशी नवं गिऱ्हाईक घेऊन त्याच जागी गेलो, भरपूर मासे आणले. समुद्राला पाठ दाखवली की धंदा बसतो.

पण आज संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. आवाज अगदी खालचा.

"साडू माझ्याकडे आलाय. त्याच्या ओठाला भोक आहे... आरपार. रक्त नाही, सूज नाही. चूळ भरायला बेसिनमध्ये पाणी सोडलं, तर ओठ खाली ताणला गेला. मी नळ बंद केला. बेसिन कोरडं पुसून काढलं..."

"मग?"



"कप्तान, मी आणि नर्स, दोघांनी त्याला धरून ठेवलंय."