जीप दोन बाहेर आहे

ही गोष्ट घडलेली आहे. कुणाला पटो न पटो. ज्यांच्यावर हा प्रसंग आला ते माझे थोरले दीर, आमचे भाऊजी, वरच्याच मजल्यावर राहतात.

थंडीतली सकाळ होती. शाळेच्या बस निघून गेल्या, तरी विमानतळावरचं धुकं हटेना.

भाऊजी तिथे जीप चालवायचे. धावपट्टीवर फिरायचं आणि पडलेला बोल्ट, मेलेलं पाखरू, जे सापडेल ते उचलायचं. इंजिनात गेलं तर विमानाचा खेळ खलास. टॉवरमधून वायरलेसवर हुकूम आला की ड्रायव्हरने तो जसाच्या तसा परत बोलून दाखवायचा, मगच हलायचं. सवय इतकी मुरली होती की जाऊबाईंनी "दूध आणा" म्हटलं तरी भाऊजी म्हणायचे, "दूध आणतोय, जीप दोन, बरं का!"

त्या सकाळी त्यांना पत्र्याचा तुकडा दिसला. जीप चालू ठेवून ते खाली उतरले. छोटा वायरलेस खांद्याला होता. तुकडा उचलला, आणखी एक पुढे दिसला. चालत गेले. मागे वळले तर जीप धुक्यात गडप. नुसता तिचा पिवळा दिवा लुकलुकत होता.

"जीप दोन, विमान उतरतंय. धावपट्टी सोडा." टॉवरमधल्या मॅडमचा आवाज.

भाऊजींनी बटणाकडे हात नेला.

आणि...

"धावपट्टी सोडतोय, जीप दोन, बरं का मॅडम."

त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं.

आवाज मात्र त्यांचाच होता. तोच घोगरा सूर. तेच "बरं का".

मागे जीपचं दार लागलं... धाडकन.

गिअर पडला. पिवळा दिवा हलला, लांब गेला, विझल्यासारखा झाला.

"अरे, कोण आहे? थांब!" भाऊजी धावले. पांढऱ्या धुक्यात कुठे डावं, कुठे उजवं, काही कळेना.

वायरलेस पुन्हा बोलला. "जीप दोन बाहेर आहे, मॅडम. धावपट्टी मोकळी."

भाऊजींनी बटण दाबलं. "मॅडम, मी आतच आहे! पायी आहे! विमान उतरवू नका!"

"कोण बोलतंय?"

"जीप दोन!"

"जीप दोन बाहेर आहे. मला पडद्यावर दिसतेय."

"जीप गेली, मॅडम! मी राहिलोय!"

क्षणभर नुसती खरखर.

मग... तोच आवाज. निवांत. जरासा हसरा.

"कुणीतरी चेष्टा करतंय, मॅडम. उतरू द्या विमान."

भाऊजी सांगतात, त्या वेळी विमानाची भीती मागे पडली होती. भीती वाटली ती मॅडम त्याचं ऐकतील याची. तो भाऊजींपेक्षा जास्त भाऊजींसारखा बोलत होता.

धुक्यातून गडगडाट जवळ येऊ लागला. पायाखालची जमीन थरथरली. भाऊजी तिथेच पालथे पडले. तोंडात चिमणीचं, म्हणजे त्यांच्या लेकीचं नाव.

"उतरू नका! वर जा! वर जा!" मॅडम पायलटला ओरडल्या.

डोक्यावरून काळं पोट गेलं. वाऱ्याने शर्ट पाठीवरून ओढला गेला. मग आवाज वर वर चढत गेला...

ते वाचले.

जीप धावपट्टीबाहेर, नेमक्या जागी उभी होती. इंजिन चालू. आत कुणी नाही. काचा मात्र आतून वाफेने धुरकटलेल्या, कुणीतरी बराच वेळ तोंडाने श्वास घेत बसल्यासारख्या.

संध्याकाळी भाऊजींनी मॅडमना विचारलं, "दोन्ही आवाज माझेच होते. मग माझं कसं ऐकलंत?"

"तुम्ही घाबरला होतात," त्या म्हणाल्या. "तो नव्हता."

भाऊजींनी जीप सोडली. गोदामात बदली मागून घेतली. जाऊबाई म्हणाल्या, "जाऊ दे, जिवावरचं जिपेवर गेलं."

आम्हालाही तसंच वाटलं.

मग एका दुपारी चिमणीने जिन्यातून हाक मारली. "बाबा!"

"ओ! आतल्या खोलीत ये, बरं का!"

जाऊबाई स्वयंपाकघरात होत्या. भाऊजी त्यांच्या शेजारी मटार सोलत होते. ओठ मिटलेले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

बाहेर चिमणीची पावलं... धावत... आतल्या खोलीकडे.

भाऊजींनी परात उडवली, उंबऱ्यात पोरीला घट्ट धरलं. खोली रिकामी होती. रिकामीच दिसत होती, एवढंच म्हणू.

तेव्हापासून आमच्या दोन्ही मजल्यांवर कुणी हाकेला ओ देत नाही. ज्याला बोलावलं त्याने उठून समोर येऊन उभं राहायचं. माझं बाळ अजून बोलत नाही. त्यालाही मी हाक मारत नाही, जाऊन उचलते.

चिमणीला आम्ही शंभरदा बजावलंय. नुसता आवाज आला तर जायचं नाही. बाबा दिसले तरच जायचं.

काल वेणी घालून घेताना तिने सहज विचारलं, "काकू, पण तो बाबांसारखा दिसला तर?"