पिवळ्या फडक्याचा बांबू

तुळजा सायकलवरून वळणावर आली आणि तिथं उभ्या असलेल्या माणसाच्या ओंजळीतले चिंचोके खळकन रस्त्यावर सांडले. तो बघतच राहिला. त्र्याहत्तर सालची भिवंडी. बाईमाणूस सायकलवर, तेही काष्टा घट्ट खोचून, अंगभर ऊन घेत... त्यानं असं कधी पाहिलंच नव्हतं.

"ओ, वाट सोडा की!" तुळजानं घंटी वाजवली.

"मोजणी चालली हाय. सायकल गेली का एक चिंचोका खिशात टाकतो."

"मग माझा बी टाका."

त्यानं खाली वाकून एक चिंचोका उचलला, पुसला आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला.

"माझाच वर का?"

"बाकीचे सगळे बाप्ये. ते खालच्या खिशात. बाईची सायकल आज पहिलीच दिसली, तिला खिसा वेगळा नको?"

तुळजा हसू दाबत निघून गेली. पण पुढच्या चढावर तिला धाप लागली नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

त्याचं नाव बाळाराम. गाव दिघाशी. नगरपालिकेत रस्त्यांच्या आखणीचं काम करायचा. लूमवर, यंत्रमागांवर जाणाऱ्या कामगारांच्या सायकलींसाठी, ट्रकांपासून दूर, वेगळी वाट काढायचं ठरलं होतं. रोज सकाळी तो वळणावर उभा असायचा आणि रोज तुळजाची घंटी गरजेपेक्षा थोडी जास्तच वाजायची.

तुळजाला त्या वाटेची गरज सगळ्यांत जास्त होती. सायकल तिच्या बापाची, राघोची. सुताच्या गाठोड्यांनी भरलेल्या ट्रकनं याच वळणावर राघोला उडवलं, पाय मोडला, तो अंथरुणाला खिळला. तेव्हापासून तीच सायकल घेऊन तुळजा कामतघरहून फखरुद्दीनशेठच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. आई, बायजाबाई, रोज तिला दारातून जाताना बघायची आणि रोज तिचा जीव खालीवर व्हायचा.

"वाट झाली न्हाय तर सायकल भंगारात," आईनं एके दिवशी सांगूनच टाकलं. "नवरा गेला असता, तो वाचला. आता पोर न्हाय घालवायची मला."

तुळजानं ते बाळारामला सांगितलं.

"वाट व्हईल," तो म्हणाला. मग जरा थांबून – "मला बी तुमची सायकल भंगारात नको हाय."

तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झाले असतील नसतील. तुळजा कांड्या भरत होती. तेवढ्यात तिच्या शेजारी बसणारी हमिदा उशिरा आली, ती कंबरेवर हात ठेवूनच.

"क्या गं तुळजा! घरात शादी आणि आमाला दावत नाय?"

"कोणाची शादी?"

"तेरी, और किसकी! तुझ्या दारात मांडवाची मेढ लागलीये. हळद, कुंकू, गाणं... मैं आँखों से देख के आई."

तुळजाच्या हातातली कांडी सुटली. आईनं परस्पर सोयरीक ठरवली की काय? कुणाशी? तिच्या डोळ्यांपुढं एक सदरा आला, वरच्या खिशाचा... आणि ती तशीच उठली. घरी पोचेपर्यंत तिनं एकदाही घंटी वाजवली नाही.

दारात बांबू उभा होता. शेंड्याला आंब्याची डहाळी, खाली पिवळं फडकं. बुडाशी हळदकुंकू, तांदूळ. आणि गावची धवलारीण ठमाबाई, डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी, डुलत लग्नाचे धवले गात होती. भोवती बायकांचा घोळका. बायजाबाई दाराच्या चौकटीला धरून पांढरीफटक उभी होती.

"आये, कोणाचं लगीन?" तुळजानं विचारलं.

"तुलाच ठावं असंल!" आई कडाडली. "मी तळ्यावर धुणं धुवून येते तर ह्या दारात!"

"मी वाटंनं चालले व्हते गो," ठमाबाई गाणं थांबवून म्हणाली. "मेढ रोवलेली दिसली. पुजायला कोनी न्हाय. म्हटलं, आपणच पुजू."

तेवढ्यात बाळाराम हातात पिशवी आणि खांद्यावर दुसरा बांबू घेऊन आला. घोळका पाहिला, गाणं ऐकलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मावशी, हा तर... हा वाटेच्या खुणेचा बांबू हाय! सायकलच्या वाटेचा!"

"मग त्याला डहाळी?" बायजाबाईनं विचारलं.

"लांबून दिसावा म्हणून."

"आन् पिवळं फडकं?"

"लाल... लाल संपलं व्हतं."

घोळक्यात कुजबुज उठली. पुजलेली मेढ लग्नाआधी उपटली तर पोरीचं लग्न कायमचं अडतं, हे सगळ्यांनाच ठाऊक. आणि तशीच ठेवली तर नवरा कोण, हे सांगावं लागणार. बायजाबाईनं सगळ्यांना हाकललं आणि कपाळाला हात लावला.

"तुमी दोघं काय ते निस्तरा. उपटायची तर उपटा. माझ्या डोळ्यांदेखत नको." ती आत गेली.

दोघंच उरली. तुळजानं रागानं त्याची पिशवी ओढली. "दाखवा, काय काय संपलंय!"

पिशवीत चुन्याची पुडी, सुतळीचा गुंडा... आणि त्याखाली लाल फडक्याची नवी कोरी घडी.



"खोटारडा," ती हळूच म्हणाली.

बाळारामनं खांद्यावरचा बांबू खाली ठेवला. "बाकी सगळ्या बांबूंना लालच बांधलं. तुझ्या दारात आलो आणि... हात पिवळ्यावर गेला. कोनाला कळणार न्हाय असं वाटलं. तुझ्या दारात मेढ कशी दिसते, माझं मलाच बघायचं व्हतं, एकदा. म्हातारी गाईल हे सपनात बी नव्हतं गं." त्यानं पुजलेल्या बांबूला हात घातला. "चूक माझी. तू म्हण, आत्ता उपटतो. अपशकून माझ्या डोक्यावर. वाट तळ्याच्या पलीकडनं नेता येईल, ती होणारच. तुझी सायकल न्हाय थांबणार."

म्हणजे वाट आता तिच्या उत्तरावर अवलंबून नव्हती. मिळणारच होती. उरला होता फक्त बांबू...

तुळजानं लाल फडकं उचललं, आपल्या सायकलच्या दांडीला गच्च बांधलं.

"लगीन झालं तरी सायकल मीच चालवणार."

बाळारामनं तिच्याकडं पाहिलं. मग खिशावर हात ठेवला. चिंचोका तिथंच होता. "मी मागं बसंन," तो म्हणाला.

आतून आईची हाक आली, "काय गो, उपटला का?"

तुळजानं बांबूच्या बुडाशी पायानं माती दाबली.

"न्हाय आये. लई घट्ट रुतलाय!"