मालकाच्या ओळी

"जरा दमट हवा लागली की रुसलीच! नव्या नवरीचे नखरे नुसते," व्हायोलिनची खुंटी पिळत राधिका पुटपुटली.

शेजारी उभ्या संजीवनीला हसू आलं. रविवारी दुपारी वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसचा हॉल तालमीला मिळे खरा, पण त्या दिवशी एसीलाही सुट्टी. आणि जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तारांच्या त्या जुन्या तऱ्हेच्या वाद्यांना सिंगापूरची हवा अजिबात सोसत नसे.

ऑपेराही तसाच जुना. फ्रेंच, विनोदी आणि साऱ्या जगानं विसरलेला. त्यातल्या म्हाताऱ्या मालकाच्या ओळी कुठेच सापडल्या नव्हत्या. दिग्दर्शक प्रबोध महाहट्टी. "पदरचा एक सूर घालायचा नाही. मालकाची पाळी आली की नुसती वाद्यं वाजतील. त्याची जागा रिकामी."

संजीवनी त्यात मोलकरीण झाली होती. दिवसभर बँकेत आकडे जुळवायचे आणि घरी भांडी घासताना ऐकून ऐकून शिकायचं, असं तिचं गाणं. पन्नाशीला पहिल्यांदा रंगमंच मिळत होता. मालकाशी तिचं लांबलचक भांडण होतं. ती एक ओळ गायची, थांबायची, पुढची गायची.

ती थांबली की सगळे हसायचे.

आधी गालातल्या गालात. मग राधिकाचा गज थरथरेपर्यंत. आपले फ्रेंच उच्चार चुकत असणार, म्हणून तिनं क्लेमेंटीला घरी जाताना बसमध्ये ते घोटून घोटून पाठ केले. तरी हसलेच.

"माझं काही चुकतंय का रे?"

"छे गं. छान चाललंय," प्रबोध चष्मा पुसत म्हणायचा.

आज हसले तर भूमिका सोडायची, असं ठरवूनच ती शेवटच्या तालमीला आली.

गायली. थांबली.

कोणी हसलं नाही.

राधिकाचा गज तारेवरच थबकला. सगळ्यांची नजर संजीवनीच्या डाव्या खांद्यामागे.

"आता काय झालं? इतके दिवस हसलात ना माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही गं," राधिका कशीबशी म्हणाली.

"मग?"

राधिकानं प्रबोधकडे पाहिलं.

"मालकाच्या ओळींवर," शेवटी प्रबोध म्हणाला. "पहिल्या तालमीपासून आम्हाला ऐकू येतात. तुला येत नाहीत हे कळल्यावर सांगणार तरी कसं?" त्याचा आवाज आणखी खाली गेला. "पण आज त्यानं ओळ बदलली. अगदी तुझ्या कानाशी 'जाई' अशी हाक मारली. संजीवनी, हे तुझं माहेरचं नाव का गं?"