गळा शांत

लहान मुलांचे स्कॅन वाचणं सोपं आहे. त्यांच्याभोवतीची मोठी माणसं सहन करणं अवघड. लिम्फोमाची, म्हणजे गाठींच्या कॅन्सरची मुलं माझ्याकडे स्टेज ठरवायला येतात. वरचे डॉक्टर उंटावरून शेळ्या हाकतात. आजार कुठवर पसरलाय ते मी सांगतो. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही.

रीत साधी आहे. किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन द्यायचं आणि मुलाला गरम खोलीत तासभर गप्प पडून राहायला लावायचं. शरीरात जिथे काम जोरात चालतं तिथे साखर जमते आणि चित्रात ती जागा पेटते. मूल बोललं की गळा पेटतो. थंडी वाजली की मणक्यालगतची चरबी पेटते आणि मूर्खांना ती आजार वाटते.

त्या सकाळी आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला नि त्याच्या आईला तीनदा बजावलं, बोलायचं नाही. गाढवापुढे वाचली गीता. चित्रात पोराचा गळा लख्ख.

"कोणाशी बोलत होता हा?" मी टेक्निशियनला विचारलं. वीस वर्षं तेच बटण दाबत आलेला माणूस.

"खोलीत एकटाच होता, सर. आई बाहेर बाकावर. कॅमेऱ्यात पाहिलं मी, तोंड शेजारच्या रिकाम्या पलंगाकडे नि ओठ हलतायत. दोनदा माईकवरून दटावलं."

"मग?"

"मग थोडा थांबायचा. कुणाचं ऐकून घ्यावं तसा."

वीस वर्षांत हा एवढंच शिकला. मी मुलाला बोलावून घेतलं. तो आईच्या ओढणीचं टोक धरून उभा राहिला.

"त्या ताईशी बोलत होतो," तो म्हणाला. "दुसऱ्या पलंगावरच्या."

"काय म्हणाली ताई?"

"तिला थंडी वाजत नव्हती म्हणाली. काकांना सांग म्हणाली."

आई ओशाळली. "डॉक्टर, घरी असं काही बोलत नाही हो तो."

मी दोघांना बाहेर बसायला सांगितलं. या आया मुलांच्या डोक्यात काय काय भरवतात, मग निस्तरायचं आम्ही.

चित्र खाली सरकवलं. मानेत आणि छातीत गाठी होत्या, त्या अपेक्षितच होत्या. डाव्या मूत्रपिंडाच्या वर, मणक्यालगत, एक ठिपका होता. चरबीचा असेल तर स्टेज दोन आणि हलकी औषधं. आजाराचा असेल तर स्टेज तीन आणि कडक औषधं. आजाराला चरबी समजलं, तर हलक्या औषधांत तो मागे उरतो आणि पोर जातं.

हा ठिपका मी आधी पाहिला होता. तीन वर्षांपूर्वी, तेरा वर्षांची हडकुळी मुलगी, तीच जागा. टेक्निशियन तेव्हा चुळबुळत म्हणाला होता, "सर, खोली गरम होती. पोरीला घाम आला होता."

"तू बटण दाब," मी म्हटलं होतं. आणि लिहिलं होतं: थंडीमुळे. स्टेज दोन.

वर्षाच्या आत ती गेली. मला कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

मुलाच्या रिपोर्टात मी 'थंडीमुळे' लिहिलं. खोडलं. 'स्टेज तीन' लिहून सही केली. आठ वर्षांच्या पोराच्या बडबडीवर रिपोर्ट फिरवणारा डॉक्टर. दुसरा कोणी असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

मग तिचा जुना रिपोर्ट काढला. माझीच टापटीप भाषा. 'गळा शांत. रुग्ण तासभरात एक शब्दही बोलली नाही.'

खाली माझी सही.

ज्यावरून ते लिहिलं होतं, ते तिचं तेव्हाचं चित्र उघडलं.

ठिपका होता तिथेच होता.

गळा पेटलेला होता.