बेड नंबर नऊ

दिवा मालवा, पण दार उघडं राहू दे. हं, आता ऐका. माझा साडू तुम्हाला माहीत आहे, हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम बघतो तो. हे त्याच्या बाबतीत घडलं. मला एकदाच सांगितलं आणि म्हणाला, पुन्हा विषय नको.

"काका, कॉम्प्युटरमध्ये भूत?"

हस बाई, आत्ताच हसून घे.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. कोण पेशंट, कुठल्या बेडवर, रक्ताचे रिपोर्ट काय, ही हॉस्पिटलची सगळी माहिती जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर न्यायची होती. रात्री वर्दळ कमी, म्हणून रात्र धरलेली. तोवर खाली इमर्जन्सीत सगळं हाताने लिहिणं चाललेलं. सकाळी ऑपरेशनं सुरू व्हायच्या आत हे आटपायलाच हवं होतं, नाहीतर डॉक्टरांना कुणाचा रक्तगट दिसणार नव्हता.

काम तसं सरळ. डेटाबेसला द्यायच्या सूचना आधीच फाइलींमध्ये लिहून ठेवलेल्या असतात, स्क्रिप्ट म्हणतात त्यांना. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची, पुढे फाइलचं नाव, की एंटर. फाइल वरून खालपर्यंत आपली आपण चालते. मग पुढची. एक अडली की तिच्या मागच्या सगळ्या अडल्या.

पहिल्या तीन झरझर गेल्या. चौथी अडली.

ती बेडची फाइल. स्क्रीनवर एरर आली: तिसरा मजला, बेड नंबर नऊ, रिकामा नाही.

"अरे, तिसरा मजला रंगकामासाठी बंद आहे!" साडू स्क्रीनलाच म्हणाला. नोंद उघडून बघितली. नाव नाही, वय नाही. फक्त दाखल झाल्याची वेळ, त्याच संध्याकाळची. कुणाचा तरी गाढवपणा, असं म्हणून त्याने हाताने नोंद काढून टाकली. "एक नोंद काढली," असं स्क्रीनने सांगितलं. फाइल पुन्हा चालवली.

बेड नंबर नऊ, रिकामा नाही.

नोंद परत आलेली. आणि दाखल झाल्याची वेळ? ज्या मिनिटाला त्याने काढली, तेच मिनिट.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "झालं का?"

"होतंय, सर."

"मघाशीही होतंयच म्हणालास. माझी झोप उडाली आहे इथे."

जशी काय ह्याची लागली होती! पुन्हा नोंद काढली, फाइल चालवली, अडली. पुन्हा काढली. घाईत फाइलचंच नाव चुकलं, तर मशीन म्हणतं अशी फाइल नाही. त्याने कीबोर्ड असा आपटला की एक बटण उडून टेबलाखाली गेलं. चहा केव्हाच गार झालेला. त्याची खात्री पटली, वर बसून कुणीतरी पेशंट पुन्हा पुन्हा भरतंय. त्याने खाली मोठ्या सिस्टरना फोन लावला.

"सिस्टर, तुमच्या माणसांना सांगा हो, तिसऱ्या मजल्यावर भरती थांबवा."

"कुठली माणसं? वरचे कॉम्प्युटर कधीच खाली आणलेत. कुलूप आहे वर. मला इथे मरायला सवड नाही आणि तुमचं काय मध्येच!"

त्याने वॉचमनकडून चावी घेतली. वॉचमनचे गुडघे नेमके तेव्हाच दुखायला लागले. एकटाच गेला.

कुलूप उघडलं. रंगाचा वास. सगळे बेड भिंतीकडे सरकवलेले, प्लॅस्टिकखाली. एक सोडून. तो मधोमध. त्यावर काही झाकलेलं नाही.

साडूला भीती नाही वाटली तेव्हा. संताप आला. त्या रिकाम्या हॉलमध्ये तो ओरडला, "कोण आहे? काम करू द्या की मला! नोकरी जाईल माझी!"



प्लॅस्टिक... जरा हललं. वारा असेल. खिडक्या बंद होत्या.

खाली आला. बसला. नोंद उघडली.

आता त्यात आणखी एक रकाना भरलेला होता. सोबतचा नातेवाईक.

तिथे साडूचं नाव होतं. पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट.

...

नाही रे, थांब, सांगतो. पाणी दे जरा.

फोन वाजत होता. उचलला नाही. आता नोंद काढायची हिंमत नव्हती. सोडायचीही सोय नव्हती. मग सुचलं... पेशंट असा पुसून टाकत नाहीत. त्याला रीतसर सोडतात. नोंदीत दोनच पर्याय होते. मृत, किंवा घरी सोडलं.

पहिला लिहायला बोट धजेना.

त्याने लिहिलं, घरी सोडलं. एंटर. चौथी फाइल चालवली.

चालली. एकदम शेवटपर्यंत. मागच्या सगळ्याही. उजाडताना यंत्रणा उभी होती, ऑपरेशनं वेळेवर झाली. साहेब शाबास म्हणाले. साडू घरी जाऊन आतल्या खोलीत मेल्यासारखा झोपला.

दुपारी मेहुणीने उठवलं. "सकाळी बाहेरच्या दिवाणावर कुणाला झोपवलं होतंत?"

"कुणाला म्हणजे? एकटाच आलो मी."

तिने त्याला बाहेर नेलं. बोटाने दाखवलं.

मी गेल्या महिन्यात गेलो होतो त्यांच्याकडे. दमलो होतो, दिवाणावर टेकणार, तर मेहुणी केवढ्यांदा ओरडली, "भाऊजी, तिथे नको! खुर्ची घ्या." साडू खिडकीबाहेर बघत राहिला. म्हणाला, गादी बदलली रे, ही तिसरी.

मी वाकून बघितलं.

नवी गादी. ताणून घातलेली चादर. आणि मधोमध... माणसाच्या लांबीचा खळगा. उशीवर डोक्याएवढा, वेगळा.