वरचे दात, खालचे दात

“तुमचा हा वरचा, डावीकडचा दात खोटा आहे.”

अनोळखी पुरुषाने अनोळखी बाईला म्हटलेलं हे पहिलं वाक्य. ती नुकतीच पावसातून तीन जिने चढून आली होती. केसांतून पाणी गळत होतं, छत्री मिटत नव्हती, आणि बाकावर आधीच बसलेल्या त्या माणसाला ती फक्त “जरा सरकता का” एवढंच म्हणाली होती. तेवढ्यात त्याने तिच्या तोंडात डोकावून घेतलं.

दुसरी कोणी असती तर कानाखाली जाळ काढला असता. हिला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. तो दात तिने स्वतःच बनवला होता, आणि चार वर्षांत सख्ख्या बहिणीलाही तो ओळखू आला नव्हता.

“कशावरून ओळखलंत?”

“शेजारचे खरे दात एवढे चांगले नाहीत.”

ती हसली, आणि हसता हसता तोंडावर हात धरला… म्हणजे धरावासा वाटला, हेच तिला नवं होतं.

दोघंही दात बनवणारे. ती आठ वर्षं या कामात, तो नऊ. एकाच डेंटल लॅबमध्ये, एकाच जागेसाठी आलेले. मालकांनी दोघांना एकत्र बोलावून दोन दिवसांची चाचणी दिली. एकाच म्हाताऱ्या माणसाची कवळी करायची, वरचे दात हिने, खालचे त्याने. असं कोणी करत नाही. वरचे आणि खालचे दात एका हाताचे लागतात, नाहीतर बिचारा घास चावायला जातो आणि जीभ चावतो. पण दोघांना दोन वेगळी कामं दिली असती तर मेण दुप्पट गेलं असतं, दातांचे सेटही दोन लागले असते. मालक तेवढे वाचवणाऱ्यांतले होते.

जबड्यासारखी उघडझाप करणारी पितळी चौकटही एकच दिली. त्यामुळे दोन दिवस ती दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसली आणि चौकट इकडून तिकडे सरकत राहिली. ती मेण तापवून दात बसवायची, चौकट मिटायची, त्याच्याकडे ढकलायची. तो डोळ्यांजवळ नेऊन बघायचा.

“तुमची दाढ माझ्या दाढेपेक्षा केसभर उंच आहे.”

“तुमची बुटकी आहे. तिला सांगा.”

तो मान खाली घालून आपलीच दाढ उचलायचा. चौकट देताना बोटं लागायची, आणि दोघंही मेण गरम असल्यासारखी ती मागे घ्यायची. मेण तेव्हा गार असायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याला पगाराचं विचारलं. या धंद्यात पगार विचारणं म्हणजे चारचौघांत कपडे उतरवायला सांगण्यासारखं. ही लाज कामगारांना मालकांनीच शिकवली, कारण ती त्यांच्याच खिशाला गोड लागते. तो चाचरत म्हणाला, सव्वीस हजार मागणार आहे. तिने आपला आकडा सांगितला, तीस. आणि त्यासोबत वर्षाला बारा दिवसांची पगारी आजारपणाची रजा, आणि टेबलावर धूळ खेचणारा पंखा.

पंखा का, तेही तिने सांगितलं. आधीच्या लॅबमध्ये नगावर पैसे मिळत. आठ वर्षं प्लास्टरची धूळ छातीत गेली, मग दोन महिने ती अंथरुणाला खिळली. दोन महिन्यांत एक नग झाला नाही, म्हणून एक पैसा आला नाही, आणि उठून गेली तर तिच्या खुर्चीवर दुसरी बसलेली. तेव्हापासून ती ताईच्या घरी जेवत होती. ताई काही बोलत नसे. भाऊजीही बोलत नसत, फक्त रोज संध्याकाळी प्रेमाने विचारत, लागतंय का काम कुठे? त्या प्रेमाने घास अडकायचा. ही नोकरी हवीच होती, पण पुन्हा छाती विकून नको होती.

त्याने हातातली चौकट खाली ठेवली. मग म्हणाला, “मग मीही तीसच सांगतो. पंख्यासकट.”

“जागा एकच आहे.”

“माहितेय.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी आधी तिला आत घेतलं. आपण सगळे इथे एक कुटुंब आहोत, इथपासून सुरुवात झाली. ती मनात म्हणाली, कुटुंब हा शब्द आला म्हणजे आकडा खाली येणार. तो आलाच, चोवीस. रजेचं बघू. पंख्याचं पुढच्या वर्षी. तिने तीस म्हटलं, कारणं सांगितली, आवाज न कापता सांगितली. मालक मान हलवत ऐकत राहिले, आणि मग अगदी सहज म्हणाले, बाहेरचा तो बावीसवर तयार आहे. तो आत येऊन जाईपर्यंत विचार करा.

दारात तो समोरून आला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. दार बंद झालं.

ती बाकावर जाऊन बसली. बावीस… दोन दिवस गोड बोलून त्याने तिचा आकडा काढून घेतला होता, आणि तिने मूर्खासारखा तो दिला होता, वर छातीची कहाणीही ऐकवली होती. खिडकीवर पाऊस आपटत होता. ती हिशेब करू लागली. पंचवीस म्हणू. पंखा नको, तोंडाला फडकं बांधू. रजा नको, आजारीच पडायचं नाही…

आतून मालकांनी तिला हाक मारली.

तो टेबलाशी उभा होता, कान लाल झालेले. म्हणाला, “साहेब म्हणतायत तुम्ही विसावर तयार झालात. मी म्हटलं, मी तीसच घेणार, आणि जी बाई आपली दाढ केसभरसुद्धा खाली घेत नाही, ती एका रात्रीत आकडा बदलणार नाही. बोलवा तिला, माझ्यासमोर म्हणू दे.”

“मला सांगितलं, तुम्ही बाविसावर तयार आहात.”

 मालक पेपरवेट फिरवू लागले.

तिला एकदम मोकळं वाटलं, इतकं की भीती संपलीच. तिने टेबलावर तपासायला ठेवलेली चौकट उचलली आणि प्लास्टरच्या तळाला लावलेली चिठ्ठी मालकांपुढे धरली. त्यावर दवाखान्याचा शिक्का होता आणि आजची तारीख. ही चाचणी नव्हती, आजच पोचवायची ऑर्डर होती, ती फुकटात करून घेतलेली. ती म्हणाली की म्हाताऱ्याला उपाशी ठेवायचं पाप आम्ही करणार नाही, काम पूर्ण करून देऊ. पण मागच्या फळीवर रखडलेल्या ऑर्डरींचे चाळीसेक प्लास्टरचे जबडे धूळ खात पडलेत ते तिने दोन दिवस मोजलेत. जागा एक नाही, दोन आहेत, आणि साहेबांना ते आमच्याआधीपासून ठाऊक आहे.

मालक आधी चिडले, मग खोकले, मग कागद पुढे ओढला. एकोणतीस, दोघांनाही. एक हजार त्यांनी अब्रूसाठी कापले. बारा दिवसांची रजा आणि याच महिन्यात पंखे, हे तिने त्यांच्याकडून शब्दान् शब्द लिहून घेतलं आणि सही वाळेपर्यंत कागद सोडला नाही.

दोघं बाहेर जिन्यावर आली. ती पायरीवरच बसली. ताईला फोन लावला, सांगितलं.  पलीकडून ताईचा एक लांब श्वास तेवढा ऐकू आला, आणि मग नाक ओढल्याचा आवाज.

तो एक पायरी खाली बसला.

“मी पंचवीसवर आले होते,” ती म्हणाली. “दार बंद होतं तेव्हा. तुम्हाला शिव्याही दिल्या. बऱ्याच.”

“मी तेविसावर आलो होतो.”

“कधी?”

“दारात तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत तेव्हा.”

“मग तीस कसं म्हणालात?”

“म्हटलं, नोकरी गेली तर दुसरी शोधता येईल…”

“वाक्य पूर्ण करा.”

तो हातातल्या नेमणुकीच्या कागदाकडे बघत म्हणाला, “तुम्हाला कुठे शोधणार होतो? घर कुठे तेसुद्धा विचारलं नव्हतं.”

तिने सांगितलं. गल्ली, इमारत, दुसरा मजला, डावीकडचं दार. मग, चुकू नये म्हणून, सगळं पुन्हा एकदा सांगितलं, हळू. तो ऐकत होता, आणि ऐकताना त्याचा हात तिच्या हाताशेजारी पायरीवर येऊन टेकला. या वेळी कोणी बोटं मागे घेतली नाहीत.

थोड्या वेळाने दोघं उठून परत वर गेली. कोणाच्या तरी रात्रीच्या जेवणाआधी दात तयार व्हायचे होते.