सतरा नंबरचा बिल्ला

सत्य कधी ना कधी जमिनीवर उतरतंच. दिल्लीत धुकं असेल तर जयपूरला उतरतं.

ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे. जानेवारी महिना, भर दुपार, द्वारका सेक्टर सहा. घर माझ्या मेहुण्याचं. अविनाश, विमानदुरुस्तीच्या हँगरचा मॅनेजर.

तिथला नियम असा : पाना घेतला की त्याच्या खुंटीला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा. शेवटचा बिल्ला उतरेपर्यंत विमान हलवायचं नाही.

नोव्हेंबरात एकदा सतरा नंबर उतरलाच नाही.

तो बिल्ला ज्याचा, तो मेकॅनिक श्यामकांत म्हणाला, "साहेब, पाना पंखात राहिलाय. उघडून बघू द्या."

"लेट होतंय यार. सही मी करतो. एवढी भीती वाटते, तर चाचणीला तूच बस."

तो बसला.

विमान परत आलं नाही...

अविनाशने चौकशीत लिहून दिलं : मेकॅनिकचा निष्काळजीपणा. पाना हरवल्याचं त्याने कळवलंच नाही.

श्यामकांतची बायको अलकनंदा दारात आली. "यांच्या नावावरचा डाग तेवढा पुसा."

अविनाशने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या स्वयंपाकघरातून चहाची गाळणी गेली. तिच्या खिळ्याला पितळी बिल्ला...

सतरा.

मग सहीचं पेन गेलं. मग भिंतीवरचं घड्याळ. टिकटिक मात्र चालूच...

त्या दुपारी मी त्याला म्हटलं, "अविनाश, खरं काय ते लिहून दे."

"भाऊजी, मेलेल्याची नोकरी जात नाही. माझी जाईल."

स्वयंपाकघरात पाना पडला... खण्ण!

मी धावलो. फरशी रिकामी.

परत आलो. सोफा रिकामा. दाराला आतून कडी तशीच.

अविनाश बसला होता तिथे खळगा. खळग्यात बिल्ला.

त्याला आता तीन आठवडे झाले. पोलीस अजून विचारून जातात. माझी बायको म्हणते, "तुम्ही का घाबरता? सही तुमची थोडीच होती?"

नव्हती. त्याच्या निवेदनाची भाषा तेवढी मी सुधारली होती. 'बहुधा निष्काळजीपणा' असं होतं. 'बहुधा' मी खोडला. वाक्य अडखळत होतं.

आज सकाळी चष्म्याचं घर उघडलं...

आत चष्मा नव्हता. पितळ चमकत होतं.

तेव्हा ओळी वाकड्या गेल्या असतील, तर कृपया मला जबाबदार धरू नये.